बडोद्याच्या शाळांना खुले पत्र : वाद्य प्रत्येक मुलाच्या हाती द्या

बडोद्यातील प्राथमिक शाळांचे विश्वस्त, संचालक, मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी वेळापत्रके ठरतील आणि संगीताचा तास कुठे बसवायचा हा प्रश्न दरवर्षीप्रमाणे सगळ्यांत शेवटी उरेल. यंदा तो शेवटी उरू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला, त्याचा गळा कसा आहे हे न पाहता, आठवड्यातून दोन तास वर्गात गायला आणि वाद्य हाती घेऊन वाजवायला मिळाले पाहिजे. हे निवडलेल्या आठ-दहा मुलांपुरते न राहता पटावरच्या प्रत्येकासाठी व्हावे.

याच शहरात मी बरीच वर्षे शाळेतल्या मुलांना संगीत शिकवत आले आहे. आज बहुतेक शाळांत संगीताच्या नावाखाली काय चालते ते आपण सारे जाणतो : सकाळची प्रार्थना, पंधरा ऑगस्टचे समूहगीत आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होणारी स्नेहसंमेलनाची धावपळ. या धावपळीत बऱ्या गळ्याची मुले वर्गातून वेचून बाहेर काढली जातात आणि उरलेली तीस-पस्तीस मुले तो तास वहीत काहीतरी उतरवून काढत बसतात. एका शाळेत समूहगीताच्या तालमीच्या वेळी चौथीतल्या एका मुलीला ‘तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस’ असे सांगितलेले मी माझ्या कानांनी ऐकले आहे. सांगणाऱ्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हते. पाहुणे यायचे होते आणि गाणे बिघडायला नको होते. पण त्या मुलीने पुढे माझ्या तासालाही तोंड उघडायचे सोडून दिले. ती बेसूर नव्हती. गाण्याची पट्टी, म्हणजे ‘सा’ ज्या उंचीवर धरला होता ती, तिच्या आवाजाला फार खालची होती, एवढेच.

या पट्टीच्या गोष्टीवर थोडे थांबते, कारण शाळेतले निम्मेअधिक दुखणे इथेच आहे असे मला वाटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आवाज साधारणपणे पेटीच्या मध्य सप्तकातल्या पांढरी एकपासून, म्हणजे तिथल्या पहिल्या पांढऱ्या चावीच्या सुरापासून, वरच्या षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या ‘सा’पर्यंत, मोकळा फिरतो. शिकवणाऱ्या बाई स्वतः काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या असल्या आणि तीच पट्टी त्यांनी पेटीवर धरली, तर मुलांचा षड्जच तळाला जातो. मग काही मुले स्वर घशातून ओढतात, काही एकदम वरच्या सप्तकात उडी मारतात, काही बोलल्यासारखे गुणगुणत राहतात, आणि दारातून ऐकणाऱ्याला वाटते की या वर्गाला सूरच नाही. तेच गाणे, त्याच मुलांकडून, पांढरी एक ते पांढरी दोनच्या दरम्यान षड्ज धरून म्हणून घेतले, तर ज्यांच्या नावावर फुली मारलेली असते त्यांतली बरीचशी मुले त्याच तासात सुरात येतात. याला पैसा लागत नाही, नवे वाद्य लागत नाही; शिकवणाऱ्याला ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या शब्दावर एखादे मूल ‘मला गाता येत नाही’ असे आयुष्यभरासाठी ठरवून टाकते, याचे मला फार वाईट वाटते.

आपण ज्या शहरात शाळा चालवतो त्या शहराकडे पाहिले म्हणजे हे अधिकच खुपते. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली आणि ती संगीततज्ज्ञ मौलाबक्ष यांच्या हाती सोपवली. ज्या काळी गाणे शिकायचे म्हणजे उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षे सेवा करायची, त्या काळी फळा, पुस्तक आणि ठरलेली वेळ असलेल्या वर्गात सामान्य घरातल्या मुलांनी गाणे शिकावे, ही कल्पना केवढी धाडसाची होती. मौलाबक्ष यांनी त्यासाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली, शिकवण्याजोगी पुस्तके तयार करून छापून घेतली. पुढे १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. त्या गायनशाळेचा वारसा आज सूरसागराच्या काठी विद्यापीठाच्या विभागात चालू आहे आणि तिथून गायन, तबला, सतार, व्हायोलिन शिकलेली तरुण मुले-मुली दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात.

त्याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला, मुलांना आणि मुलींनाही. प्रत्येक मूल शाळेत आले पाहिजे, हा एक निर्णय. गाणे शाळेत शिकवता येते, हा दुसरा. दोन्ही निर्णय याच मातीतले. पण सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी ते दोन्ही एकत्र आणून, शाळेत येणारे प्रत्येक मूल गाणे-वाजवणे शिकेल, असे आपण केलेले नाही. ते करण्याची पहिली जबाबदारी या शहरातल्या शाळांची नाही तर कुणाची?

वाद्य म्हटले की व्यवस्थापनाच्या डोळ्यांपुढे पेटी आणि तबला उभा राहतो आणि पाठोपाठ पैशांचा व जागेचा विचार येतो. वास्तविक सुरुवातीच्या वर्गात या दोहोंपैकी काहीही मुलांच्या हाती द्यायचे नसते. तबला हे एकट्याने, गुरूसमोर बसून, बोटे तयार करत शिकायचे वाद्य आहे. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात दोन जोड्या ठेवल्या की दोघे वाजवतात आणि त्रेचाळीस पाहतात. पेटी एकच पुरे, आणि तीही बाईंपुढे. पेटीच्या स्वरांवरून जुना वाद आहे, आकाशवाणीने १९४० ते १९७१ इतका काळ तिला दूर ठेवले होते. त्या वादात मी इथे पडत नाही. लहान मुलांच्या वर्गात पेटीची अडचण वेगळीच असते. बाई सबंध चाल पेटीवर वाजवत राहिल्या की मुले त्या आवाजावर रेलतात आणि पेटी थांबताच त्यांचे गाणेही बसते. म्हणून पेटीवर फक्त षड्ज धरावा किंवा मोबाइलवरचा तानपुरा लावावा, आणि चाल बाईंनी गळ्याने द्यावी.

मुलांच्या हाती द्यायचे ते टाळ, खंजिरी, चिपळ्या, झांज, घुंगरांची पट्टी आणि टिपऱ्या. यांतल्या कितीतरी वस्तू घराघरांत पडून आहेत. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत गणपतीच्या आरतीचे टाळ-झांज असतात, आणि बडोद्यात असे घर विरळा जिथे टिपऱ्यांची एकही जोडी नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथल्या मुलांच्या अंगात लय आधीच बसलेली असते. नवरात्रात नऊ रात्री जे मूल आईच्या पदराला धरून गरब्याच्या फेरात फिरले आहे, दोन टाळ्यांचा आणि तीन टाळ्यांचा गरबा ज्याच्या पायांना येतो, त्याला सहा मात्रांचे (ठोक्यांचे) आवर्तन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्याला फक्त सांगायचे की तू हींचवर, म्हणजे गरब्याच्या तालावर, जे खेळतोस, त्याच्याच सहा मात्रा आपण आता दादरा तालात मोजणार आहोत : धा धिं ना, धा तिं ना. आमच्या शाळांतून नेमके उलटे होते. मात्रा, विभाग, टाळी, काल यांच्या व्याख्या वहीत लिहून घेतल्या जातात, त्या पाठ होतात, आणि टाळी मात्र भलत्याच ठिकाणी पडते.

केरव्याचा, म्हणजे आठ मात्रांच्या तालाचा, एक तास कसा चालतो ते सांगते, म्हणजे मी काय मागते आहे ते कळेल. बाके भिंतीला सरकवायची आणि मुलांना वर्गात गोल चालायला लावायचे, एका पावलाला एक मात्रा. आठ पावले मोजायची, पहिल्या पावलावर टाळी, पाचव्यावर हात उघडा, म्हणजे काल. हे जमले की वर्गाचे तीन गट करायचे. टिपऱ्यावाले प्रत्येक मात्रेवर, खंजिरीवाले फक्त पहिल्या मात्रेवर, टाळवाले फक्त पाचवीवर. पहिली दोन-तीन आवर्तने झकास जातात आणि मग लय चढू लागते. ती चढतेच, प्रत्येक वर्गात चढते. वाद्य हातात आले की मुलांना पुढचा ठोका लवकर हवा असतो. इथे ‘हळू, हळू’ असे ओरडून काही होत नाही. वाजवणे थांबवायचे, चालणे चालू ठेवायचे, मात्रा कुजबुजत मोजायच्या आणि फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एकच ठोका सगळ्यांनी मिळून द्यायचा. मधल्या सात मात्रा हात वर धरून थांबायचे. आठ वर्षांच्या मुलाला वाजवण्यापेक्षा हे थांबणे कितीतरी कठीण जाते. पण ज्या दिवशी चाळीस मुले सात मात्रा गप्प राहून आठव्यानंतर बरोबर एका क्षणी खंजिरी हाणतात, त्या दिवशी वर्गातले सगळ्यांत खट्याळ मूलसुद्धा पुन्हा एकदा करू म्हणून मागे लागते. सम म्हणजे काय, हे त्यांना कळलेले असते. व्याख्या दुसऱ्या दिवशी दिली तरी चालते.

स्वरांसाठी धातूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांचे, लहान हातोड्यांनी वाजवायचे वाद्य सर्वांत सोयीचे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी मुलांच्या शिक्षणासाठी अशी वाद्ये वापरात आणली, ज्यांच्या पट्ट्या एकेक करून काढून ठेवता येतात. त्यातून मध्यम आणि निषादाच्या पट्ट्या काढल्या की उरतात सा, रे, ग, प, ध, म्हणजे आपला भूप राग. या पाच स्वरांत मुलाने कुठल्याही क्रमाने वाजवले तरी कानाला खटकत नाही, त्यामुळे अगदी पहिल्या दिवशी ते स्वतःचे काहीतरी वाजवू शकते. बाईंनी चार स्वरांचा एक तुकडा वाजवायचा आणि मुलाने त्याला चार स्वरांचे उत्तर द्यायचे, एवढ्या खेळात आरोह-अवरोह आपोआप ओळखीचे होतात. आपल्याकडेही गाणे शिकणाऱ्याला सुरुवातीला भूपच देतात. तेव्हा इथे परके असे काही येत नाही. या वाद्याचा षड्ज बहुधा पांढरी एकचाच असतो, म्हणजे तो मुलांच्या आवाजालाही सोसतो आणि वाजवलेले लगेच गाऊन घेता येते. एका वर्गाला अशी पाच-सहा वाद्ये पुरतात, कारण बाकीची मुले त्याच वेळी ताल धरत असतात आणि दर आठवड्याला गट बदलतात.

पाचवीत उभी बासरी द्यावी, जिला रेकॉर्डर म्हणतात. आडव्या बासरीतून आवाज निघायलाच कित्येक आठवडे जातात आणि तोवर अर्धा वर्ग नाद सोडतो. रेकॉर्डरला चोचीसारखे तोंड असल्याने फुंकर घातली की स्वर येतो. जपानमधल्या प्राथमिक शाळांत मुले आधी फुंकून वाजवायची लहान पेटी शिकतात आणि तिसरीपासून रेकॉर्डर. तिथे हे वर्गातले नेहमीचे काम आहे. पांढरी पाचला षड्ज मानला तर डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे एवढ्यांतच सा, रे, ग मिळतात : या बोटांखालची सगळी भोके झाकली की सा, शेवटचे बोट उचलले की रे, त्याआधीचेही उचलले की ग. उजव्या हाताला पहिले काही आठवडे कामच नसते. जोरात फुंकले की बासरी किंचाळते, त्यामुळे श्वास जपून सोडायला ती स्वतःच शिकवते. एक वाद्य काहीशे रुपयांत येते. ते ज्याचे त्याचे असावे, दुसऱ्याच्या तोंडी देऊ नये, साबणाच्या पाण्याने धुवावे. हे नियम शाळेने पाळायला हवेत. ज्या घरांना तेवढा खर्चही जड आहे त्यांच्यासाठी शाळेने तो उचलावा, आणि हे विश्वस्तांना अशक्य आहे असे मला वाटत नाही.

शिक्षक कुठून आणायचे, हा आपला प्रश्न रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ सालच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा, असे म्हटलेले आहे. हा शिक्षक ज्या शाळेत खरोखर नेमला जातो, तिथे त्याच्याकडून खालच्या वर्गांसाठीही मार्गदर्शन घेता येईल. जवळजवळच्या दोन-तीन छोट्या शाळांनी मिळून एक शिक्षक ठेवणेही शक्य आहे. तिसरी-चौथीला मात्र वर्गशिक्षिकाच शिकवू शकतात, असा माझा अनुभव आहे. त्यांनी गायिका असण्याची गरज नाही. षड्ज ओळखता यावा, पट्टी मुलांच्या आवाजाप्रमाणे ठरवता यावी, दादरा आणि केरवा हाताने धरता यावा, आणि ‘वाद्य मांडीवर, हात गुडघ्यावर’ म्हटल्यावर वर्ग शांत करता यावा, इतके पुरते.

आवाजाची तक्रार होईल. हा तास वरच्या मजल्याच्या टोकाला किंवा सभागृहात घ्यावा आणि शेजारच्या वर्गात त्या वेळी परीक्षा ठेवू नये, यापलीकडे त्यावर विशेष काही करावे लागत नाही. पावसाळ्यात चामड्याची वाद्ये सैल पडतात आणि कपाटात उंदीर शिरला तर पेटीच्या भात्याची खैर नसते, म्हणून चामड्याऐवजी प्लॅस्टिकची पुडी (वरचा ताणलेला पडदा) असलेल्या खंजिऱ्या आणि घट्ट दाराचे कपाट घ्यावे.

‘ज्याला आवड आहे तो बाहेर क्लासला जातो’ हे मात्र मला मान्य नाही. जी वस्तू मुलाने कधी हातात धरली नाही तिची आवड त्याला कशी असेल? क्लासला तीच मुले जातात ज्यांच्या घरी आधीपासून कुणी गाते किंवा ज्यांच्या घरी फी भरण्याची ऐपत आहे. गणिताच्या तासाला आपण असे म्हणत नाही की ज्याला येते त्याने बसावे आणि इतरांनी मैदानात जावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासक्रमाबाहेरचे उपक्रम अशी भिंत ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. ती भिंत आपल्या वेळापत्रकात आजही उभी आहे.

संगीताने गणित सुधारते किंवा गुण वाढतात, असे सांगून मी हा तास मागणार नाही. तसे सांगितले की एखाद्या वर्षी गुण वाढले नाहीत म्हणून तास काढून घेतला जाईल. गाणे-वाजवणे मुलाला मिळावे ते गाणे-वाजवणे म्हणूनच. त्याच कारणाने या तासाला गुण नसावेत आणि तो बाहेरच्या प्रारंभिक-प्रवेशिका परीक्षांच्या तयारीचा वर्गही होऊ नये. त्या परीक्षा ज्यांना द्यायच्या त्यांनी जरूर द्याव्यात, पण त्यासाठी वर्गातली उरलेली मुले पुन्हा प्रेक्षक व्हायला नकोत. वर्षाच्या शेवटी शिक्षिकेने एवढेच पाहावे की प्रत्येक मूल केरव्याचे आवर्तन न चढवता धरते का, भूपाचे आरोह-अवरोह दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून म्हणते का, आणि आपली पाळी नसताना ऐकत थांबते का. स्नेहसंमेलन करायचे तर त्यात सबंध वर्गाने वाजवावे. तीन गटांत वाजलेला साधा केरवा आणि त्यावर म्हटलेले एक गाणे, हे दहा निवडक मुलांच्या घोटून घेतलेल्या गाण्यापेक्षा पालकांना अधिक आवडते, कारण त्यात प्रत्येकाचे मूल असते.

सगळ्या वर्गांना एकदम सुरुवात करणे जड वाटत असेल तर या जूनपासून फक्त तिसरीचा एक वर्ग घ्यावा आणि त्याला आठवड्याचे दोन तास, शनिवारच्या शेवटच्या अर्ध्या तासात न ढकलता, मधल्या वारी द्यावेत. ज्या शाळा तयार असतील त्यांच्या वर्गशिक्षिकांना पट्टी, ताल आणि गटांत वाजवून घेण्याची पद्धत शिकवायला मी मे महिन्यात विनामूल्य यायला तयार आहे. सकाळचे दोन तास आणि एक मोकळी खोली एवढे पुरेल. खंजिऱ्या, टाळ आणि पट्ट्यांचे वाद्य मी माझे घेऊन येईन. वेळापत्रक छापायला जाण्यापूर्वी आपला निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली,
एक संगीतशिक्षिका
बडोदे